कोतवालाची भाकरी

थोरले निजाम सरकार वारले आणि धाकटे गादीवर आले, त्या एकोणीसशे अकरा सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. घाटनांदूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात, सिदू धनगराच्या अंगणात, कोतवालानं त्या सकाळी तिसरा उंदीर आणून टाकला.

कोतवाल म्हणजे घरचा कुत्रा. चौदा वर्षांचा. पाठीवरचे केस झडले होते, एका डोळ्यात फूल पडलं होतं, पण पायांना स्वस्थता नव्हती. पहाटे उठून सगळं गाव पालथं घालायचा, म्हणून हे नाव. जवानीत त्यानं शेकड्यांनी उंदीर मारले होते. प्रत्येक उंदरामागे सिदूची आई, रतनबाई, त्याला भाकरीचा तुकडा द्यायची. मधली दोन-तीन वर्षं ते बंद पडलं होतं. या सोमवारपासून पुन्हा सुरू झालं.

"बघ गं साखरा, म्हातारा जवान झाला की!" रतनबाई सुनेला म्हणाली. तिनं शेपटीला धरून उंदीर उकिरड्यावर भिरकावला. "न्हाईतर तुझा नवरा. तिशीतच कंबर धरून बसतुय."

साखराबाई हसली. तिनं भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून मऊ केला आणि सासूच्या हाती दिला. कोतवालानं तो गिळला आणि तसाच धावत सुटला. चुलीवरचं दूध वर येईतो चौथा उंदीर घेऊन हजर.

या वेळी साखराबाईची पोर, सत्यभामा, रांगत पुढे गेली आणि तिनं उंदराच्या शेपटीकडे हात नेला. साखराबाईनं झडप घालून तिला उचललं. उंदीर पायाशीच पडला होता. अंगावर दाताची खूण नाही, रक्ताचा थेंब नाही. नुसता फुगलेला, तोंड वासलेला.

भिजवलेल्या भाकरीचा ओलावा अजून तिच्या बोटांना होता. ती कुत्र्याकडे बघतच राहिली. मग पोर सासूकडे देऊन तिनं कोतवालाचा जबडा उघडला आणि पुन्हा मिटवला. 

मोमिनाबादेकडच्या गावांत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला होता. आधी उंदीर पडतात, मग माणसं, हे बाजारात सगळ्यांनीच ऐकलं होतं. आपल्या गावात मात्र पडलेला उंदीर कुणी पाहिला नव्हता. दिसणार कसा? दिवस उगवायच्या आत कोतवाल उचलून आणत होता.

तिनं उंदीर फुटक्या खापरात घेतला.

"आगं, कुठं निगालीस?" सिदू आडवा आला. "पाटलाच्या दारात मांडव पडतुय, अन् तू मेलेलं घिऊन चाललीस? येड लागलं का?"

ती थांबली नाही. आपला उंदीर कुठं नेतात हे बघायला कोतवाल उड्या मारत मागोमाग निघाला.

सुंदरराव पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. ते मांडवाखाली उभे राहून डहाळ्या चढवून घेत होते. साखराबाईनं पदर पुढे ओढला, खापर लांब ठेवलं आणि कुत्र्यानं सकाळपासून चार उंदीर आणलेत, गाव सोडायला हवं म्हणून सांगितलं.

"परवा हळद हाय, साखरा. केजाहून पाव्हणे निगाले असतील," पाटील म्हणाले. "अन् तुझ्या कुत्र्यानं चार उंदरं मारली म्हणून मी गाव घिऊन रानात जाऊ? जा, त्याला बी आहेर करतो लग्नात."

मांडवातली माणसं हसली. मागोमाग आलेल्या सिदूनं मान खाली घातली.

"त्यानं मारली म्हणता ना, पाटील?" पदराआडून साखराबाई म्हणाली.  "मंग तुमीच बोट घाला त्येच्या तोंडात."

बाईमाणसानं पाटलाला असं बोलावं?  पाटील रागानंच वाकले आणि कुत्र्याच्या तोंडात बोट घातलं. कोतवालानं ते लाडानं चोखलं. पाटलांनी बोट आत फिरवलं, या गालफडापासून त्या गालफडापर्यंत. नुसत्या हिरड्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला.

"कधीपासनं आणतुय?"

"सोमवारपासनं."

पाटलांनी धोतराला बोट पुसलं. एकदा पुसलं, मग पुन्हा पुसलं. मग मेढीवर चढलेल्या गड्याला म्हणाले, "उतर खाली."

दिवस मावळायच्या आत गाव ओढ्यापलीकडे रानात गेलं.

रतनबाईनं काखेतली गाठ दोन दिवस कुणाला दाखवली नाही. आपल्यापायी लेकरांना तिथूनही हाकलतील, याचं तिला भय. पाचव्या दिवशी ती गेली. गावातलं तेवढं एकच माणूस गेलं. पाटलांच्या मुलीचं लग्न ज्वारीच्या बांधावर पाच माणसांत लागलं. तिनं पुढे पतवंडं पाहिली. सिदूनं रझाकारांच्या सालापर्यंत मेंढरं राखली. सत्यभामानं नव्वदी पाहिली. साखराबाईला मात्र जन्मभर एक खोड राहिली. घरात उंदीर खुडबुडत असला की तिला शांत झोप लागायची. खुडबुड थांबली की ती उठून बसायची.

आणि कोतवाल. रानातल्या झोपड्यांजवळ तो आला की लोक दगड मारायचे. साखराबाई रोज ओढ्याकाठच्या धोंड्यावर भिजवलेली भाकरी ठेवायची. ती खाऊन तो ओस गावात परत जायचा. फाल्गुनात गाव माघारी आलं, तेव्हा तो घराच्या दारात बसलेला होता, बरगड्या निघालेल्या. उंबऱ्यावर वाळून खडखडीत झालेले उंदीर एकाला एक लागून ठेवलेले होते, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत.

घरच्यांना बघून तो उठला. शेपूट हलवत सिदूकडे बघितलं, साखराबाईकडे बघितलं, तिच्या कडेवरच्या पोरीकडे बघितलं. मग त्यांच्या मागच्या रस्त्याकडे बघत राहिला, उंदरामागे भाकरी देणारी म्हातारी अजून यायची आहे म्हणून.