वाळूतली पणजी

"आणि बियर खंय पिवची?" सावित्रीनं विचारलं.

शंकरचं बोट वाळूतच थांबलं. बायको आपल्याशीच बोलली ना, म्हणून त्यानं मान वर करून बघितलं. घरापुढच्या खळ्यात दुसरं कोणी नव्हतं. माडांच्या पलीकडं समुद्र संध्याकाळच्या उन्हात गपगार पडला होता. सावित्री पायरीवर बसून त्यानं वाळूत मांडलेल्या पणजी शहराकडं बघत होती.

शंकर गोव्याच्या हद्दीवर, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर एक्साइजचा जवान होता. गेल्या महिन्यात निवृत्त झाला. सगळी नोकरी गोव्याहून परतणाऱ्या गाड्या थांबवण्यात गेली. डिकी उघडायची, बॅगा चाचपायच्या, बाटल्या बाजूला काढायच्या. पण गाडीतल्या माणसांचे उन्हानं रापलेले, हसरे चेहरे बघितले की त्याला राहवायचं नाही. "काय काय बघितलंत?" तो विचारायचा. लोकांना वाटायचं, हाही तपासाचाच भाग. मग ते भडाभडा सांगत सुटायचे. कोणी सांगायचं पिवळ्या-निळ्या घरांच्या गल्ल्या, कोणी चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या, कोणी मांडवीवरचा वारा. शंकर ते सगळं मनात साठवून ठेवायचा. तो स्वतः गोव्यात गेलाच नव्हता असं नाही. भावाला घेऊन बांबोळीच्या इस्पितळात जाऊन आला होता. पण इस्पितळात गेलेला माणूस शहर बघत नाही.

आता शुक्रवारच्या एसटीनं दोघं पणजीला निघणार होती. एक रात्र मुक्काम. चालत हिंडायचं, जुनंपानं बघायचं, दमलं की बसायचं, एवढाच बेत. रोज चहा झाला की शंकर खळ्यातल्या वाळूवर बोटानं शहर काढायचा. लांब रेघ म्हणजे मांडवी. काठावरची करवंटी म्हणजे आदिलशहाचा वाडा. शिंपला म्हणजे चर्च. जास्वंदीच्या पाकळ्या पसरल्या की फोंतेन्हासच्या, त्या पिवळ्या-निळ्या घरांच्या गल्ल्या. मग त्या गल्ल्यांतून त्याचं बोट हळूहळू चालायला लागायचं आणि सावित्री त्याच्यामागून डोळ्यांनी चालायची. अशा वेळी रस्त्यावरून कोणी हाक मारली तरी दोघांना ऐकू यायचं नाही.

फक्त पाकळ्यांच्या कडेला एका जागी बोट अडखळायचं. नाक्यावरची माणसं सगळं सांगून झालं की शेवटी हटकून एक गोष्ट सांगायची. दिवसभर पाय तुटेपर्यंत हिंडल्यावर कुठल्याशा जुन्या बारमध्ये बसून घेतलेली थंडगार बियर. सांगता सांगता त्यांचे डोळे मिटायचे. शंकरनं बियर कधी चाखली नव्हती. घरात तो विषयच निघत नसे. नाक्यावर बाटल्या हलवताना एखादी फुटायची, वर्दीवर सांडायची. तसाच सुट्टीवर घरी आला की सावित्री उंबऱ्यातूनच मागं फिरायची. काहीतरी निमित्त काढून मागीलदारी जायची आणि डोळे लाल करून परत यायची. शंकरनं समजून घेतलं होतं. काही बायकांना नाही सोसत तो वास.

"हंय येवन तुमी रोज थांबतात," सावित्री म्हणाली. "माका दिसत नाय काय?"

"नको गो. तुका त्या वासाचो तरास होता. आपण शहाळा पिवया."

ती पायरीवरून उतरली आणि त्याच्या शेजारी वाळूत टेकली. पाकळ्यांतली एक तिनं बोटानं अलगद सरळ केली.

"माझो बापूस हंयच खंयतरी कामाक होतो," ती म्हणाली. "बारात."

शंकरला सासरा ठाऊक होता तो भिंतीवरच्या फोटोतला. सावित्री लहान असतानाच तो गेला. गोव्यात नोकरीला होता, यापलीकडं तिच्या माहेरी कोणी बोलत नसे.

"पियत होते?" त्यानं जपून विचारलं.

"एक थेंब नाय. वाढपी होतो. पण कपड्यांका वास येय, म्हणान गाव तेका बेवडोच म्हणी. आवशीक लाज वाटा. तो गेल्यार तिणा तेचा नावच टाकल्यान." सावित्रीनं पदरानं नाक पुसलं. "शनवारी शेवटच्या गाडयेन येय तो. काळोखात माणूस दिसाच्या आधी वास येय. मी धावत जाय. मगे तो माका खांद्यार घेय."

खाली वाळूतली मांडवी काळवंडत चालली होती. नाक्यावर शंकरनं किती अनोळखी माणसांना थांबवून विचारलं होतं. हिला कधी नव्हतं.

"तुमी सुट्टीर इलात की तोच वास," ती म्हणाली. "माका वाटायचा, बापूस इलो. आणि बघलंय तर दारात तुमी."

शंकरनं तिचा हात धरला. तिच्या बोटांना वाळू लागली होती.

"मगे ऱ्हवांदे ना ती बियर," तो म्हणाला. "कित्याक उगीच?"

"नाय," सावित्री म्हणाली. "बापूस जल्मभर लोकांका काय वाढीत होतो, ता माका एकदा चाखून बघूचा आसा."