कढीपत्त्याला आंबट ताक

अंबडच्या कंपनीतून घरी आलो की मी आधी बाल्कनीतला कढीपत्ता बघायचो. तो वाढेचना. शेवटी नाशिकच्या बागप्रेमींच्या ग्रुपवर विचारलं. 'मोगरा' नावाने लिहिणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आंबट ताक घाला. हात आखडू नका." रोज तांब्याभर ओतलं. पालवी फुटली. रविवारी ग्रुपवर मोगराताईंचीच तक्रार आली: "वरच्या मजल्यावरून माझ्या वाळत घातलेल्या नागलीच्या पापडांवर पांढरं पाणी गळतंय. तिथे कुठला अडाणी राहतो कोण जाणे." बाल्कनीतून वाकून पाहिलं. खालच्या काकू पापड पुसत होत्या. कढीपत्त्याची डहाळी घेऊन त्यांच्या दारात गेलो. "माफ करा, ते माझं ताक." "ओतायला कुणी सांगितलं?" "ग्रुपवरच्या मोगराताईंनी." काकूंनी आतून ताटली आणून हातात दिली. संध्याकाळी ग्रुपवर मोगराताईंचा मेसेज आला: "अडाणी सापडली. कुंडीखाली ताटली ठेवा, हे सांगायला मीच विसरले."