नेहमीसारखा दिवस

संध्याकाळचे सात वाजून गेले तरी राजलक्ष्मीबाईंच्या हृदयाने कसलीही आगळीक केली नव्हती, आणि म्हणून त्या अस्वस्थ होत्या.

त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला लहानशा टेपरेकॉर्डरएवढी पेटी बांधलेली होती. तिच्यातून निघालेल्या पाच तारा पदराखालून जाऊन छातीला चिकटल्या होत्या. आत कॅसेट फिरत होती आणि हृदयाचा ठोका न् ठोका टिपून घेत होती. सकाळी दहा वाजता पेटी बांधताना इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सारे नीट समजावले होते. नेहमीचा ईसीजी हृदयाला अर्धा मिनिटही पाहत नाही; तेवढा वेळ ते शहाण्यासारखे वागले, तर कागदावर दोष उमटणार कसा? म्हणून ही पेटी चोवीस तास बाळगायची. रोजच्यासारखे वागायचे. छातीत धडधडले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की घड्याळ पाहून सोबतच्या कागदावरचे तीन रकाने भरायचे: वेळ, त्रास, आणि त्या वेळी काय करत होतात. कॅसेट आणि कागद ताडून पाहिले की दोष सापडेल, आणि दोष सापडला तरच उपाय ठरेल. पेटी उद्या दहाला परत. आज काही टिपले गेले नाही, तर पुढचा नंबर वीस दिवसांनी.

वीस दिवस थांबण्याची बाईंची तयारी नव्हती. गेल्या महिन्यात त्यांना दोनदा भोवळ आली होती, आणि दुसऱ्या खेपेला कडेवर दीड वर्षाची नात भव्या होती. पोरीला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण तेव्हापासून त्यांनी हात पुढे केले की सून चंदना काहीतरी निमित्त काढून तिला उचलून नेई. बाईंनी त्यावरून तिला एका शब्दाने टोकले नव्हते. तिच्या जागी त्यांनीही तेच केले असते.

आज मात्र घराने कमालच केली होती. भाजीवालीशी हुज्जत घालायला बाई उठल्या, तोवर चंदनाने तिने सांगितलेल्या भावाने भाजी घेऊन तिला वाटेला लावलेही होते. टीव्ही मुका होता. मुलगा अभिमन्यू होसकोट्याच्या कारखान्यातून परतला, तो कोपऱ्यावरच स्कूटर बंद करून ती ढकलत दारापर्यंत आला. कागदावर त्रासाचा रकाना कोराच होता; तिसऱ्यात दिवसभरात एवढेच चढले होते: पडून होते. दूध घेतले. पडून होते.

“या घरात असा दिवस आजवर कधी गेलाय का?” बाईंनी सुनेला विचारले.

“स्वल्प, थोडं पडून राहा अम्मा,” चंदना म्हणाली. “मशीन आहे ना अंगावर.”

बाईंना एक गोष्ट ठाऊक होती. ती त्यांनी डॉक्टरीणबाईंपासून लपवली होती, कारण ती परक्या माणसापुढे बोलण्यासारखी नव्हती. त्यांना भोवळ आली ती जिना चढताना नव्हे, की उन्हातान्हात नव्हे. दोन्ही वेळा अभिमन्यूने शहराबाहेर बनशंकरीला बांधायला घेतलेल्या नव्या घराचा विषय काढला होता आणि चामराजपेटेतले हे जुने घर सोडायचे नाही म्हणून त्यांनी तो जागच्या जागी तोडून टाकला होता. तेव्हापासून बनशंकरीचे नाव या घरात कोणी काढले नव्हते.

भव्याला पाळण्यात ठेवायला त्यांनी चंदनाला फर्मावले. मग भिंतीला पाठ टेकून त्या जमिनीवर बसल्या आणि अभिमन्यूला त्यांनी समोर बोलावून घेतले.

“बनशंकरीच्या घराचं काय ठरलं?”

अभिमन्यूने बायकोकडे पाहिले. तसे काही नाही, पुढे केव्हातरी बघू, असे तो पुटपुटला.

“मला नेहमीसारखं वागायला सांगितलंय, आणि सकाळपासून तुम्ही दोघं मला ते करू देत नाही. बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही.”

तो आधी चाचरतच बोलला. स्लॅब टाकून झाला होता, फरशी तेवढी राहिली होती. पण एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. इथल्या ओलीने चंदनाला लागणारी धाप, दिवसाही दिवा लावावा लागणारी खोली, आणि प्रत्येक गोष्टीला अम्मांची परवानगी. किती वर्षांचे साठलेले होते कोण जाणे.

“दसऱ्याला आम्ही तिकडं जाणार, अम्मा,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही आलात तर फार बरं वाटेल. नाही आलात, तरी जाणार.”

उत्तर बाईंच्या जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले. छातीत एक ठोका चुकला, पाठोपाठ दुसरा; मग राहिलेले सगळे एकदम दाराशी लोटल्यासारखे धावत सुटले. समोरची भिंत कलली. त्यांचा चेहरा पाहून अभिमन्यूच्या तोंडचे पाणी पळाले. तो गुडघ्यांवर पुढे सरकला, नाही जात आम्ही, विसरून जा, म्हणू लागला.

“शब्द मागे घेऊ नकोस,” बाई डोळे मिटून म्हणाल्या. “अजून चाललंय.”

चंदनाने कागद ओढला. वेळ सात बेचाळीस. त्रास, धडधड आणि अंधारी. तिसऱ्या रकान्यापाशी तिचे पेन थांबले.

“काय करत होतात, म्हणून लिहू अम्मा?”

बाईंनी श्वास जमू दिला.

“ऐकत होते, असं लिही.”