जुना युजर

२००९ साली हुपरीतल्या आमच्या माहेरच्या पैंजणांच्या धंद्याची वेबसाइट मीच बनवली, क्लाउडवर मीच चढवली. लग्न होऊन कसबा बावड्यात आले, तरी सांभाळायचे मीच. धाकटा भाऊ शिवप्रसाद स्क्रीनवरचं वाचायच्या आधी मला फोन लावायचा.

त्या दिवशीही लावला. "अक्का, एक जुना युजर डिलीटच हुईना की! सारखा एरर येतोय."

"कुणाचा हाय?"

"सुरवातीपासनं पडून हाय. आता काय कामाचा न्हाय."

चपात्या अर्ध्यात टाकून मी तासभर त्याला फोनवर एकेक बटण सांगत बसले. शेवटी घोळ सापडला.

"अरे, साइटची मालकी अजून त्या युजरकडंच हाय. आधी ती तुझ्या नावावर करून घे, मग डिलीट मार."

"झालं की, अक्का! तू होतीस म्हणून जमलं बघ."

मला बरं वाटलं. हात पुसले आणि दिवसभराच्या ऑर्डरी बघायला माझ्या नावानं लॉगिन केलं.

 

स्क्रीनवर आलं, 'विद्याश्री नावाचा युजर अस्तित्वात नाही.'