मागची स्प्रिंग

हेइक्कानं पाना आपल्या मुलीच्या, मारेतच्या हातातून हिसकावून घेतला आणि बर्फात फेकून दिला.

"गाडी माझी आहे," तो म्हणाला. "मला विचारल्याशिवाय हिला हात लावायचा नाही."

मारेत स्नोमोबाइलच्या मागच्या बाजूला, रबरी पट्ट्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती. ती उठली नाही. पाना कुठं पडला तेवढं तिनं बघून ठेवलं.

ऊन वर यायला लागलं होतं आणि कळप अजून गोठलेल्या नदीच्या अलीकडेच होता. काल तो अर्ध्या पात्रापर्यंत गेला होता. सगळ्यांत पुढं गाडीवर हेइक्का, गाडीमागे दाव्याला बांधलेला पुढारी रेनडिअर, त्याच्या मागून सगळा कळप. भर पात्रात गाडीच्या पुढच्या स्की कुणाच्या तरी जुन्या चाकोरीत शिरल्या. हँडल वळेना. गाडी आडवी झाली, दाव्याला हिसका बसला, पुढारी बुजला आणि त्याच्या मागचा सगळा कळप फिरून डोंगराकडे पळाला. तो गोळा करण्यात रात्र गेली. माद्या गाभण होत्या आणि दमल्या होत्या. नदीवरचा बर्फ दुपारनंतर मऊ पडायला लागला होता. आज पलीकडे गेलं नाही तर पाडसं अलीकडेच जन्मणार, आणि बर्फ फुटल्यावर त्या पाण्यातून पाडसं नेता येत नाहीत.

हेइक्काच्या मते सगळा दोष पुतण्याचा होता. इस्सातनं मागं एकदा गाडी नेली होती, तेव्हाच काहीतरी फिरवून ठेवलं. इस्सात कॉफीचा पेला धरून उभा होता. त्यानं शांतपणे सांगितलं, काका, मी फक्त पेट्रोल भरलं आणि वर तुमच्या शिव्या खाल्ल्या. म्हाताऱ्यानं यंदा कुत्र्यांबरोबर मागं राहावं, असं कालपासून तंबूत बोललं जात होतं. तेही इस्सातच बोलला असणार, असं हेइक्काचं म्हणणं होतं.

कुणी काय फिरवलं ते मारेतला ठाऊक होतं. हँडल जड लागायला लागल्यापासून बाप रोज मागची स्प्रिंग एकेक खाच आवळत होता. जन्मभर त्यानं तेच केलं होतं. मागं सामानानं भरलेली घसरगाडी असली की गाडीचं बूड बसतं, स्की उचलल्या जातात, गाडी वळत नाही. मग मागून आवळायचं. पण यंदा घसरगाडी इस्सातच्या गाडीमागे होती. बूड वर, तोंड खाली, सगळा भार स्कींवर. जितकं आवळावं तितकं हँडल जड, आणि गाडी दिसेल त्या चाकोरीत तोंड घालणार.

पहाटे बाप झोपला असताना तिनं स्प्रिंग त्याच्या नेहमीच्या खाचेवर आणली होती. पण आता तो बसला तरी बूड वरच राहणार होतं. अजून एक खाच सोडायची होती, तेवढ्यात तो तंबूबाहेर आला.

तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं नाही. तू शेंबूड पुसत होतीस तेव्हापासून मी ही नदी ओलांडतोय, तो म्हणाला. गाड्या बदलल्या, खाच बदलली नाही. त्या खाचेला काय झालं आता?

"बाबा," मारेत म्हणाली, "वजन किती उरलंय तुमचं?"

इस्सातनं पेला ओठांपाशीच थांबवला. त्यांच्यात माणसाला त्याची जनावरं किती असं कुणी विचारत नाही. सख्खा भाऊही विचारत नाही. हेइक्का दवाखान्यातून परत आल्यापासून वजनाचा प्रश्नही तसाच कुणी काढला नव्हता.

"माझी रेनडिअर पण मोजून घे मग," हेइक्का म्हणाला. "चारचौघांत. घे मोजून."

"बसा गाडीवर."

"तू मला सांगणार?"

"बसा म्हणते ना. बसून दाखवा."

तो तरातरा आला आणि धाडकन बसला. सीटवर कोट टाकावा तसं झालं. बूड जिथं होतं तिथंच राहिलं. त्यानं अंग उचललं, पुन्हा आपटलं. स्प्रिंगनं दाद दिली नाही. इस्सात पेल्यात बघत राहिला.

"एकच खाच," मारेत म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "एवढी सैल केली की वळेल. पुढं तुम्हीच असाल."

हेइक्का उतरला.

"तू बस."

ती हलली नाही.

"बस."

ती बसली. बूड करकरत खाली गेलं, चार बोटं दबलं आणि तिथं थांबलं. हेइक्का वाकला. त्यानं मागून बघितलं, पुढं जाऊन स्की बघितल्या, मग हँडल एका हातानं फिरवलं. ते फिरलं.

"बरोब्बर आहे," तो म्हणाला. "आता हिला कुणी हात लावायचा नाही. तूच अशी कळपापुढं घाल."

काय झालं ते तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती ओरडलीच. पाना तिथंच पडलाय, दोन मिनिटांचं काम आहे, आयुष्यभर नुसता हट्ट, एक खाच सोडली तर काय मरणार आहात का, असं बरंच काही ती बोलली. त्यानं दुर्बीण गळ्यात अडकवली, कुत्र्यांना शीळ घातली आणि कळपाच्या मागच्या टोकाकडे चालायला लागला.

मारेतनं इस्सातला त्याच्यामागे पिटाळलं. बर्फाचं वरचं कवच उन्हानं पातळ झालं होतं. इस्सातचा पाय पावलागणिक ते फोडून गुडघ्यापर्यंत आत जात होता आणि तो प्रत्येक पावलाला शिवी देत होता. पुढं चाललेल्या म्हाताऱ्याखाली ते एकदाही मोडलं नाही.