पुसलेलं टोक

या, जरा पुढे सरकून बसा. एका रेघेची गोष्ट आहे. छोटीशीच, पण जीव मुठीत धरून ऐकावी अशी.

कारखान्याच्या काचेच्या खोलीत भाची संगणकापुढे बसली होती. बाहेर तिचा सख्खा मामा क्रेनची बटणं हातात धरून उभा. लालभडक दांड्यांची टोपली तो तेलाच्या टाकीत बुडवणार, मग पोलाद कडक होणार. सुटीनंतरचा पहिलाच घाणा.

टाकीची चाचणी तिनेच घेतली होती. तापवलेला बोटभर लोखंडी तुकडा तळापर्यंत सोडला होता. तुकड्याच्या अंगावर आच मोजायची तार टिकत नाही, म्हणून ती पोटात असते. पोटातली आच कशी उतरली त्यावरून अंगावरून किती उष्णता गेली, हे गणिताने काढायचं. वैद्याने नाडी धरावी तसं. पण हे गणित मोठं खोडकर. तारेची जराशी थरथर झाली की राईचा पर्वत करतं. म्हणून पडद्यावरच्या आलेखाची रेघ सगळेच गुळगुळीत करतात. तिनेही एक उंच टोक पुसलं आणि अंगठा उंचावून मामाला 'ठीक आहे' अशी खूण केली.

मग मन खाऊ लागलं. तिने रेघ पुन्हा होती तशी काढली. तुकडा तळाला पोचला, नेमकं तेव्हाच ते टोक उठलं होतं. तेल इतक्या झपाट्याने उष्णता ओढत नाही. पाणी ओढतं.

तेलाखाली पाणी! त्यात लाल लोखंड गेलं, की वाफेचा स्फोट होऊन पेटतं तेल थेट मामाच्या अंगावर.

"मामा, थांब!" तिने दोन्ही हात हलवले. मामाच्या कानात कापसाचे बोळे. त्यानेही हसून हात हलवला आणि टोपली खाली सोडली.

तिने भिंतीवरच्या लाल बटणावर झेप घेतली. टोपली तेलापासून वीतभर वर अडकली.

"काय गं भवाने!" कापूस उपटत मामा ओरडला. "घाणा गार होतोय माझा!"

टोपली बाजूला नेल्यावर तिने टाकीच्या तळाचा नळ उघडला. पाणी आलं. बादली भरली, तरी तेल येईना. मामाने बादलीत बोट बुडवून पाहिलं.

"हे आधी नव्हतं दिसलं?"

"दिसलं होतं. मीच पुसलं."

टोपलीतली लाली हळूहळू काळवंडत गेली.

तर मायबापहो, रेघा गुळगुळीत करायला देवाने आपल्या सगळ्यांनाच हात दिलेत. जरूर करा. फक्त त्या टोकाखाली कानात कापूस घालून उभ्या असलेल्या, हसून हात हलवणाऱ्या मामाची तेवढी आठवण ठेवा.