पितळी बिल्ला

पोटातली गाठ काढली नाही तर जेमतेम सहा महिने, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमचे हे ऑपरेशनला तयार नव्हते. "पंचावन्न झाले. आता कशाला चिरफाड?" म्हणायचे, आणि घरातल्या कुठल्या कुलपाची किल्ली कुठे असते ते मला रोज समजावायचे.

एकाहत्तरचं युद्ध पेटलेलं. जबलपूरचे कारखाने दिवसरात्र चालू. तरी एका रविवारी यांनी कारखान्यात यांच्यासोबत क्रेनवर काम करणाऱ्या दोन जोडीदारांना बोलावलं आणि क्वार्टरमागचा मधोमध फाटलेला कडुनिंब पोलादी दोराने बांधून घेतला. स्वतः खुर्चीत बसून हुकूम सोडत होते.

"अर्धा तर वाळून राहिला तो," मी चिडून म्हटलं. "तोडून टाका नं. काहून एवढा जीव काढता त्याच्यासाठी?"

"अर्धा हिरवा आहे नं."



जोडीदार गेल्यावर मी झाडापाशी गेले. कारखान्यात क्रेनच्या दोराला लावतात तसा पितळी बिल्ला यांनी त्या दोराला लावला होता. अक्षरं स्वतः ठोकलेली: 'बांधला १२ डिसेंबर १९७१. पुढची तपासणी १२ डिसेंबर १९७२.'

मी पुन्हा एकदा वाचलं.

"पुढच्या वर्षी झाडावर चढून तपासणार कोण?"

"काहून? मीच."

मी आत जाऊन दवाखान्याची पिशवी भरायला घेतली.

मागून आवाज आला, "दाढीचं सामान टाकजो त्यात."